फुकट दिसलं की तुलना का थांबते?

प्रश्न थोडक्यात असा: "मी सीए आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या खर्चावर बोट ठेवते. तरी गेल्या रविवारी ४० रुपयांचा डिलिव्हरी चार्ज वाचवायला अ‍ॅपवर २६० रुपयांचा नको असलेला माल मागवला. महिन्यापूर्वी 'दोनवर एक फ्री' म्हणून नवऱ्यासाठी तीन शर्ट आणले, तिसरा अजून टाचण्यांसकट कपाटात पडलाय. गणित येत असून हे होतं कसं? मेंदूत नेमकं काय घडतं, आणि पुढच्या वेळी काय करू?"

गणित चुकायला आधी ते मांडावं लागतं. तुम्ही ते मांडलंच नाहीत, आणि मांडावंसं वाटू नये यासाठीच स्कीमची सगळी रचना असते. हे मी खात्रीने सांगतो, कारण तेवीस वर्षं माझी रोजीरोटी त्यावरच चालली. आधी किराणा मालाच्या साखळी दुकानांत, नंतर कपड्यांत. कुठल्या मालावर काय फुकट द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि पाटी कुठे लावायची हे ठरवणं माझं काम.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. पाच लिटर तेलाच्या कॅनवर प्लॅस्टिकचा एक डबा फुकट होता. निळ्या झाकणाचा, दोन किलो साखर मावेल एवढा, आणि खरं सांगायचं तर झाकण धड बसायचं नाही. साहेबांनी मला दोन दिवस रॅकपाशी उभं केलं. म्हणाले, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. एक बाई आल्या. नेहमीचा कॅन उचलला, फिरवून तारीख बघितली, किंमत बघितली, शेजारच्या कॅनची किंमत बघितली, ओठांतल्या ओठांत हिशेब केला. मग त्यांना डबेवाला कॅन दिसला. हातातला कॅन खाली, डबेवाला वर. तारीख बघितली नाही, किंमत बघितली नाही. त्या सूर्यफूल घेत होत्या आणि डबा सोयाबीनवर होता, तेही त्यांच्या लक्षात आलं नसावं. त्यांनी एकच गोष्ट नीट तपासली: डब्याला कुठे तडा तर गेला नाही ना.

दोन दिवसांत हेच मी वेगवेगळ्या माणसांच्या हातून पुन्हा पुन्हा पाहिलं. एकाने तर एका कॅनचा डबा चिकटपट्टी सोडवून दुसऱ्या कॅनला लावला, कारण त्याचं झाकण जास्त घट्ट होतं. स्कीम संपल्यावर उरलेले डबे आम्ही २० रुपयांना विकायला ठेवले. त्यांना काही उठाव नव्हता. कालपर्यंत ज्याच्यासाठी लोकांनी तेल बदललं, त्याच्यासाठी आज वीस रुपये सुटेनात. (फुकट वाटलेल्या वस्तूची किंमत लोकांच्या मनात खाली येते, हे प्रिया रघुबीर यांनी २००४ मध्ये अभ्यासातून दाखवलं. मला ते वाचायला बरीच वर्षं लागली. डबे मात्र समोर होते.)

म्हणजे डब्याची ओढ नव्हती, शून्याची होती. हे स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग क्रिस्टिना शँपानिए, नीना मझार आणि डॅन अ‍ॅरिएली यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. तो नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. टेबलावर दोन चॉकलेटं: एक लिंट कंपनीचं उंची ट्रफल, दुसरं हर्शीचं साधं 'किस'. माणशी एकच घ्यायचं. ट्रफल १५ सेंट, किस १ सेंट. ज्यांनी घेतलं त्यांच्यातल्या ७३ टक्क्यांनी ट्रफल निवडलं. शहाणा निर्णय, कारण चांगलं चॉकलेट बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्त मिळत होतं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली. ट्रफल १४, किस शून्य. आता ६९ टक्के किसकडे वळले.

तुम्ही सीए, म्हणून थेट विचारतो: बदललं काय? दोन्ही वेळा फरक १४ सेंटचाच. दोन्ही वेळा ट्रफल तितकंच चांगलं. किंमत दोन्हीकडे सारखी उतरली तर पसंतीचा क्रम बदलायचं काहीच कारण नाही. आणि तो नुसता बदलला नाही, उलटा झाला. कुणी म्हणेल की सुटे पैसे काढायचा कंटाळा आला असेल. तीही शंका त्यांनी फेडली. हाच प्रकार त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये केला. तिथे चॉकलेटचे पैसे जेवणाच्या बिलातच धरले जात होते, म्हणजे पाकीट तसंही उघडायचंच होतं. तरी शून्याने आपला हिसका दाखवलाच. पुढे भेटकार्डांचं घेतलं: १० डॉलरचं कार्ड फुकट, की २० डॉलरचं कार्ड ७ डॉलरला? पहिल्यात फायदा १० चा, दुसऱ्यात १३ चा. लोक फुकटाकडे गेले.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शोधाल आणि मला विचाराल. अ‍ॅरिएली सहलेखक असलेला २०१२ चा एक वेगळाच, प्रामाणिकपणावरचा शोधनिबंध त्यातली आकडेवारी बनावट निघाल्यामुळे २०२१ मध्ये मागे घेतला गेला. तेव्हापासून त्यांचं लेखन मी जरा चिमटीत धरूनच वाचतो. शून्याच्या बाबतीत मात्र मला त्यांच्या शब्दावर विसंबायची गरज पडत नाही. एकदा 'फुकट' मालाची उधळपट्टी होते म्हणून वरच्यांनी ठरवलं की सोबतची वस्तू १ रुपयाला द्यायची. एक रुपया! बिल हजाराचं होत होतं. तरी सोबतची वस्तू घेणाऱ्यांची संख्या पहिल्याच आठवड्यात इतकी पडली की आम्ही पाटी उतरवून पुन्हा 'फ्री' लावली. काउंटरवर लोक चक्क विचारायचे, "ही कशी आहे? चांगली निघते का?" तीच वस्तू फुकट होती तेव्हा हा प्रश्न मी एकाच्याही तोंडून ऐकला नव्हता.

माझ्या मते सगळी गोम त्या प्रश्नात आहे. एक रुपया लागला की वस्तूची परीक्षा सुरू होते. शून्याला परीक्षा होत नाही.

का होत नाही, याचं सगळ्यांत पटणारं कारण तोट्याच्या भीतीत आहे. डॅनिएल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख मोठं असतं. आता कुठलीही खरेदी म्हणजे थोडी जोखीमच. पैसे दिले आणि वस्तू वाईट निघाली तर आपण फसलो. शून्य ही एकमेव किंमत अशी, की तिथे फसण्याची वाटच बंद दिसते. 'बंद दिसते' असं मुद्दाम म्हणतोय. सोयाबीनचं तेल घरी नेणाऱ्या बाईंनी पैसे डब्याचे दिले नाहीत, पण तेलाचे दिले. आणि महिनाभर फोडणी त्याच तेलात.

धर्माच्या गाई, दात का गं नाही, असं आपल्याकडे म्हणतात. फुकटच्या गाईचे दात कोणी मोजत नाही, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. कमाल अशी की आपण गाईचे दात मोजत नाही ते नाहीच, शिवाय गाईसोबत जो गोठा विकत घेतला त्याच्याकडेही बघत नाही.

आता मेंदूकडे येतो. 'फ्री दिसलं की डोपामिनचा (मेंदूतल्या एका रसायनाचा) पूर येतो' असली वाक्यं तुम्ही ऐकली असतील. ती ऐकून सोडून द्या. मेंदूत 'फुकट' नावाचं बटण कुणाला सापडलेलं नाही. जे सापडलंय ते जास्त मजेदार आहे. ब्रायन नट्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २६ जणांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूतली हालचाल टिपणारं यंत्र) झोपवून खरेदी करायला लावली. आधी चार सेकंद वस्तू दाखवायची, मग चार सेकंद तिची किंमत, मग घेणार की नाही ते विचारायचं. वस्तू आवडली तेव्हा न्यूक्लियस अकंबन्स हा भाग जागा झाला. तो मेंदूत खोलवर असतो आणि काहीतरी चांगलं मिळणार अशी चाहूल लागली की चेततो. किंमत अवाच्या सवा दिसली तेव्हा इन्सुला नावाचा भाग जागा झाला आणि कपाळामागच्या एका भागाची हालचाल मंदावली. माणूस वस्तू घेणार की नाही, याचा अंदाज संशोधकांना या हालचालींवरून त्याने बटण दाबायच्या आधीच बऱ्यापैकी बांधता आला.

इन्सुलाला लगेच 'वेदनेचं केंद्र' म्हणू नका. घाण वास, किळस, पोटातली कळ, जोखीम अशा कितीतरी गोष्टींत तो भाग घेतो. शिवाय या प्रयोगात फुकट वस्तू हा विषयच नव्हता. पण ड्रॅझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्येच 'पैसे देण्याचं दुखणं' अशी कल्पना मांडली होती, आणि हे दोघे नट्सनच्या प्रयोगातही सहभागी होते. दोन्ही एकत्र ठेवलं की चित्र असं दिसतं: खरेदीच्या क्षणी 'हवंय' आणि 'टोचतंय' अशी दोन माणसं आत भांडत असतात. घासाघीस, तुलना, 'जरा दुसरीकडे बघून येते', हे सगळं दुसऱ्या माणसामुळे होतं. शून्य किमतीला तो दुसरा माणूस गैरहजर. हा शेवटचा जोड माझा आहे, प्रयोगाचा नाही, पण रॅकपाशी उभं राहून जे दिसतं त्याला तो चपखल बसतो.

डोपामिनचंही एक खरं सांगण्यासारखं आहे. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांना फळांचा रस देऊन त्यांच्या मेंदूतल्या पेशी तपासल्या. रस अचानक मिळाला की डोपामिनच्या पेशी तडतडायच्या. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकडाला कळलं की तडतड दिव्याच्या वेळी व्हायची, रस आल्यावर काहीच नाही. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर पेशी नेहमीपेक्षाही गप्प. म्हणजे या पेशी रस मोजत नाहीत. अपेक्षा आणि हाती आलेलं यांतला फरक मोजतात.

आमच्या धंद्यात याला आम्ही 'स्कीम शिळी होणं' म्हणायचो. साबणाच्या तीन वड्यांवर एक फुकट अशी स्कीम वर्षभर चालू ठेवली की गिऱ्हाइकाच्या लेखी ती चार वड्यांची किंमत होते. मग स्कीम काढली की कंपनीने भाव वाढवला अशी ओरड. डिलिव्हरीचं तेच झालंय. पहिल्या वर्षी घरपोच सामान फुकट आलं तेव्हा कौतुक वाटलं, आता २५ रुपये लावले तर लूट वाटते. पेट्रोल जाळून आणि पार्किंग शोधून स्वतः आणायला किती पडतं ते कोणी धरत नाही.

उलट, शिळं व्हायच्या आत काम साधलं की शून्यासारखं हत्यार नाही. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं. डेटा आधी ३१ डिसेंबरपर्यंत फुकट होता, मग मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढली. १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. तेव्हा कुणी 'रेंज कशी आहे, कॉल तुटतो का' असं विचारून सिम घेत होतं का? दुसऱ्या खाचेत टाकून बघू, जातंय काय! तेवढ्या महिन्यांत लोकांना फोनवर व्हिडिओ बघायची सवय लागली आणि मग ९९ रुपयांची प्राइम मेंबरशिप आली. ती घेताना लोक सवयीचे पैसे देत होते, सिमचे नाही.

तुमच्या २६० रुपयांकडे वळतो. डिलिव्हरीची मर्यादा कुठे ठेवायची याचा आमचा साधा आडाखा होता: सरासरी बिलाच्या जरा वर. फार वर ठेवली तर लोक नाद सोडतात, खाली ठेवली तर आपण उगाच खर्च सोसतो. सरासरी बिल साडेतीनशेचं असेल तर पाटी साडेचारशेची. मग अ‍ॅप सांगतं, 'आणखी फक्त ९६ रुपयांची खरेदी करा आणि डिलिव्हरी मोफत मिळवा'. पट्टी भरत जाते, हिरवी होते. तुमच्या डोक्यात दोन वेगळ्या वह्या उघडतात. ४० रुपये नुकसानीच्या वहीत, कारण त्यातून हातात काही येत नाही. चिप्स आणि हँडवॉशचे २६० रुपये मिळकतीच्या वहीत, कारण 'वस्तू तर आली ना घरात'. एकाच वहीत लिहिलं असतं तर २२० रुपये जास्त गेलेले लगेच दिसले असते. आणि एक: ९६ रुपयांची नेमकी वस्तू कधीच सापडत नाही, हाही योगायोग समजू नका.

अ‍ॅमेझॉनची एक गोष्ट अ‍ॅरिएली सांगतात. बऱ्याच देशांत ठरावीक खरेदीवर टपालखर्च माफ केला आणि विक्री वाढली. फ्रान्समध्ये वाढेना. पाहिलं तर तिथे शून्याऐवजी एक फ्रँक लावला होता. एक फ्रँक म्हणजे जेमतेम वीस सेंट. तोही काढल्यावर फ्रान्सही वाटेवर आलं. आमच्या एक रुपयाच्या पाटीची मला दरवेळी आठवण येते.

शर्टांचं प्रकरण जास्त खोलात आहे, कारण त्यात तुमच्याच क्षेत्रातला पुरावा आहे. जीएसटीचं ७ मार्च २०१९ चं परिपत्रक, क्रमांक ९२, तुम्ही वाचलं असेल. 'एकावर एक फ्री' मध्ये वरकरणी एक वस्तू विनामोबदला दिल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात तो एकाच किमतीत दोन वस्तूंचा पुरवठा आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणून तर दुकानदाराला त्यावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे माल घेताना भरलेल्या कराची वजावट, मिळतं. म्हणजे तुम्ही अशीलाच्या वहीत ज्याला फुकट मानत नाही, तेच दुकानात शिरल्यावर फुकट मानलंत.

आणि ते किती पडलं तेही बघू. समजा तीन शर्ट १५९९, १४९९ आणि ९९९ चे. पाटीवर बारीक अक्षरांत असतं, 'सर्वांत कमी किमतीचा मोफत'. एकूण ४०९७, तुम्ही दिले ३०९८. सूट झाली २४ टक्क्यांच्या आसपास, तर मनात ठसलेली होती तेहतीस. शेजारच्या दुकानात सरळ २५ टक्के सूट असती तर तुम्ही एक शर्ट ११९९ ला घेऊन बाहेर पडला असता. हंगाम संपताना आम्हाला तेच तर नको असायचं. आम्हाला गोदाम रिकामं करायचं असायचं, आणि निम्म्या किमतीची पाटी एक नग हलवते तिथे 'एकावर एक' दोन हलवते. शिवाय सूट दिली की माल स्वस्तातला वाटतो. फुकट दिलं की मालाची इभ्रत शाबूत राहते. '५० टक्के जादा' लिहिलेल्या टूथपेस्टचंही तसंच. ५० टक्के जादा म्हणजे ३३ टक्के सूट, पण पाकिटावर मोठा आकडा छापता येतो.

इतकं सगळं ऐकून फुकट म्हणजे वाईटच असं मनात धरू नका. पाणीपुरी संपल्यावर भय्याकडे हात पुढे करून आपण सुकी पुरी मागतो. भाजीवाल्या मावशी पिशवीत वर चार काड्या कढीपत्ता टाकतात. हे फुकट आहेच, पण ती किंमत नाही, तो रिवाज आहे. तिथे माणूस आपोआप हात आखडता घेतो. चार सुक्या पुऱ्या मागणारा मी अजून पाहिलेला नाही. एका प्रयोगातही असंच दिसलंय: गोड गोळ्या एकेका सेंटला विकल्या तर लोक चार-चार उचलायचे, फुकट ठेवल्यावर येणारे वाढले पण बहुतेकांनी एकेकच घेतली. समोर माणूस असेल तर लाज काम करते. अ‍ॅपसमोर कोण लाजतं?

आणि काही ठिकाणी शून्यच हवं. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा यांनी गरोदर बायकांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या देऊन पाहिलं. गरीब देशांत मदतीचं काम करणाऱ्यांत तेव्हा बोलबाला असा होता की थोडे तरी पैसे घ्या, नाहीतर लोकांना किंमत राहत नाही आणि वस्तू वापरत नाहीत. प्रत्यक्षात किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेली तर घेणाऱ्यांमध्ये शंभरामागे साठ जणी कमी होतील, असं निघालं. आणि फुकट नेणाऱ्यांनी मच्छरदाणी कमी वापरली असंही काही आढळलं नाही. माझ्या डब्याच्या अनुभवावरून मी उलटं भाकीत केलं असतं. पण मलेरियाच्या मच्छरदाणीची गरज खरी होती, डब्याची नव्हती.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातलं उदाहरण मला त्याहून आवडतं. लस सरकारी, म्हणजे आधीच फुकट. तरी ज्या गावांत काहीच वेगळं केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं होती ६ टक्के. गावात न चुकता शिबिर भरवल्यावर १८ टक्के. आणि शिबिरात दर लशीमागे एक किलो डाळ, सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर जेवणाच्या थाळ्यांचा संच दिला, तेव्हा ३९ टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हे २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. लशीची किंमत शून्य असली तरी आईला पडणारी किंमत शून्य नव्हती: दिवसाची मजुरी, पायपीट, रात्री तापलेलं पोर. फायदा मात्र कधीतरी पुढे, आणि तो डोळ्यांना न दिसणारा. डाळ आज, पदरात, वजन करून. जी खोड आम्ही तेल विकायला वापरली, तीच तिथे लेकरांच्या कामी आली.

आमचा मामा ७८ वर्षांचा. पासष्टी ओलांडल्यावर एसटीचं अर्धं तिकीट होतं, तेव्हा हा गावाबाहेर पडायला कुरकुरायचा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी पूर्ण मोफत झाली आणि तेव्हापासून फोन केला की मामा कुठल्यातरी स्टँडवर असतो. परवा अक्कलकोटहून बोलत होता. जेवण, चहा, राहणं मिळून तिकिटाच्या कितीतरी पट खर्च करतो. "तिकीट शून्य आहे रे," म्हणतो. त्याला मी हे सगळं तत्त्वज्ञान सांगत नाही. चार माणसं भेटतात, पाय चालते राहतात.

आता उपाय. मूळ चॉकलेटच्या अभ्यासातच एक धागा आहे. काही जणांना निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला लावली: हे चॉकलेट त्या चॉकलेटपेक्षा तुम्हाला किती जास्त आवडतं, आणि जास्तीचे पैसे देणं किती जिवावर येतं? एवढं विचारल्यावर शून्याची जादू बरीच ओसरली. म्हणजे शून्य दिसल्यावर तुलना करणारा जो माणूस गैरहजर राहतो, त्याला हाक मारून बोलवावं लागतं. मी स्वतः मनातल्या मनात फुकट वस्तूवर एक रुपयाची चिठ्ठी लावतो. एक रुपयाला घेतली असती का? लगेच 'कशी आहे, लागणार आहे का' हे प्रश्न सुरू होतात. दुसरं, फुकट वस्तूवर हात झाकून धरतो, अक्षरशः, दुकानात, आणि उरलेली वस्तू छापील किमतीला घ्यायची आहे का ते बघतो. बायकोला हे वेडेपणाचं वाटतं. पाकिटांवर हल्ली एमआरपीजवळ प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिली दरही छापलेला असतो. अक्षर बारीक असतं, पण 'जादा' पाकिटाचा निकाल तिथे चुटकीसरशी लागतो. डिलिव्हरीसाठी मी घरच्या यादीत एक 'भरतीचा माल' ठेवतो: मीठ, काडेपेटी, कपडे धुण्याची पावडर. मर्यादा गाठायचीच असेल तर त्यातलं टाकायचं, समोर सरकणाऱ्या चित्रांतलं नाही.

'पहिला महिना मोफत' म्हणून कार्ड किंवा यूपीआय जोडून घेतात, तिथे मात्र मनाची शिस्त पुरत नाही, तारीख लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती जाहिरातीच्या मेसेजांत बुडते, म्हणून त्या दिवशी शोधा. ज्याची किंमत व्यवहारात कुठेतरी वसूल केलीच आहे, ते फुकट म्हणून मिरवणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार ठरतो. न सांगता टोपलीत वस्तू घुसवणं आणि सदस्यत्वातून बाहेर पडू न देणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या) मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी आहे. तक्रारीला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. पण तुमच्या दोन्ही प्रकरणांत तक्रारीला जागा मला तरी दिसत नाही. पाटी खरी होती, पट्टी खरी होती.

राहिला तिसरा शर्ट. तो फुकट नव्हता, वर धरलेल्या किमतींनी तिन्ही मिळून ३०९८ चे, म्हणजे नगाला साधारण १०३३ रुपये पडलेत. हजाराचा शर्ट टाचण्यांसकट कपाटात ठेवायचा की नाही ते नवऱ्याला विचारा. माप बसत नसेल तर पावती शोधा. बऱ्याच दुकानांत स्कीमच्या मालातली एकच वस्तू परत घेत नाहीत, घेतली तर तिन्ही घेतात, किंवा माप तेवढं बदलून देतात. मुदत बहुतेक पंधरा ते तीस दिवसांची असते आणि तुम्हाला महिना होत आलाय, तेव्हा रविवारची वाट बघू नका.